तत्त्वज्ञानाचे पहिले वर्ष : धाराशिवच्या निमित्ताने एक आढावा

बारावी झालेल्या मुलामुलींनी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला घ्यावे का, आणि घेतले तर पहिल्या वर्षी त्यांना नेमके काय शिकवावे, हा प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुना आहे. मधली काही दशके तो मागे पडला होता. आता तीन कारणांनी तो पुन्हा समोर आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी चार वर्षांपर्यंत वाढवता येऊ लागली आणि पहिल्या वर्षात सर्वांसाठी सामायिक असे पायाभूत विषय आले. भारतीय ज्ञान प्रणाली नावाचा विषय विज्ञान-वाणिज्याच्या मुलांनाही घ्यावा लागतो. आणि स्पर्धा परीक्षांत नीतिशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आल्यामुळे कांट, मिल, बुद्ध ही नावे तालुक्याच्या अभ्यासिकांपर्यंत पोहोचली आहेत.

हा आढावा मुद्दाम धाराशिव जिल्ह्याच्या बाजूने घेतला आहे. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार साधारण साडेसोळा लाख लोकसंख्या, आणि २०१८ मध्ये नीती आयोगाने निवडलेल्या महाराष्ट्रातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी हा एक. पुण्यात चालणारी शैक्षणिक योजना इथे चालेलच असे नाही. पण इथे टिकलेली योजना राज्यात बहुतेक ठिकाणी टिकेल. शिवाय या जिल्ह्याच्या वाट्याला तत्त्वज्ञानाचे शिक्षण वेगळ्याच मार्गाने आले, आणि तो मार्ग माहीत असल्याशिवाय आजचे मतभेद नीट कळत नाहीत.

पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र हे तिथल्या कला शाखेच्या शिक्षणाचे जुने घटक. मिल आणि स्पेन्सर वाचून घडलेली पिढी त्याच वर्गांतून बाहेर पडली. गोपाळ गणेश आगरकरांनी एम.ए.ला इतिहास आणि तत्त्वज्ञान हेच विषय घेतले होते. १९१६ मध्ये प्रताप शेठ यांच्या आश्रयाने अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा अव्वल दर्जाचा विचारवंत १९३० च्या दशकात काही काळ त्याचा संचालक होता, आणि साने गुरुजी शाळेत शिक्षक होण्याआधी तिथे अभ्यासासाठी राहिले होते. खानदेशातल्या तालुक्याच्या गावात, विद्यापीठापासून दूर, निव्वळ तत्त्वज्ञानासाठी एक संस्था उभी राहू शकली, हे आज आवर्जून आठवले पाहिजे. पुण्यात सोनोपंत दांडेकर सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होते आणि त्याच निष्ठेने वारकरी कीर्तनही करत होते. गुरुदेव रानडे फर्ग्युसन आणि विलिंग्डनमध्ये शिकवून पुढे अलाहाबाद विद्यापीठात गेले.

धाराशिव मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा, पुण्याची महाविद्यालये हे सगळे सरहद्दीपलीकडचे. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि त्याने त्या काळात धाडसी ठरावा असा निर्णय घेतला : उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचे. त्यासाठी भाषांतर विभाग स्थापन झाला आणि तर्कशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान यांची पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके उर्दूत आली. खलिफा अब्दुल हकीम यांच्यासारखे प्राध्यापक तिथे तत्त्वज्ञान शिकवत. औरंगाबादला १९२३ मध्ये उस्मानियाचे इंटरमिजिएट कॉलेज सुरू झाले. म्हणजे या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला विद्यापीठातले तत्त्वज्ञान देशी भाषेत पहिल्यांदा मिळू शकले ते उर्दूत, आणि त्याची घरची भाषा बहुधा मराठी होती. मराठीतून शिकण्याची भूक भागवायला वेगळ्या शाळा निघाल्या. आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. व्यंकटेश खेडगीकर तिथे मुख्याध्यापक म्हणून आले, १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. विवेकानंद आणि रामतीर्थ यांच्या वेदान्ताचा त्यांच्यावर झालेला संस्कार पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या राजकारणात उतरला.

स्वातंत्र्यानंतरचे एक नाव इथे विसरता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले आणि त्याला मिलिंद हे नाव दिले. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा 'मिलिंदपञ्ह' हा संवाद म्हणजे आत्मा आहे की नाही, ओळख कशात असते, याची कसून केलेली चर्चा. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव परिसराला. मराठवाड्यातल्या दलित आणि गरीब मुलांच्या उच्च शिक्षणाची सुरुवात अशा नावाखाली झाली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले आणि धाराशिव त्याच्या कक्षेत गेले.

पुढच्या दोन दशकांत मराठीत या विषयाचे भांडार वेगाने वाढले. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ मध्ये तयार झाला. ग. ना. जोशी, श्रीनिवास दीक्षित, मे. पुं. रेगे, दि. य. देशपांडे यांनी विद्यार्थ्याला धरून चालता येईल असे ग्रंथ लिहिले. पुणे विद्यापीठात सुरेंद्र बारलिंगे यांच्या प्रेरणेने 'परामर्श' हे तत्त्वज्ञानाला वाहिलेले मराठी नियतकालिक निघाले.

नेमक्या याच काळात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. माझ्या मते आजच्या प्रश्नाची गाठ इथे आहे. त्याआधी मॅट्रिकनंतरची दोन वर्षे, म्हणजे प्री-डिग्री किंवा प्री-युनिव्हर्सिटी आणि इंटर, विद्यापीठाच्या ताब्यात होती. विषयाची निवड पक्की होण्याआधीचा तो काळ, आणि त्यात कला शाखेचा विद्यार्थी तर्कशास्त्राला सहज भेटायचा. आज ज्याला पायाभूत वर्ष म्हणतात त्याचे बरेचसे काम इंटर करत असे. १९७५ च्या सुमारास ही वर्षे कनिष्ठ महाविद्यालयांकडे आणि बोर्डाकडे गेली. तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान यादीत राहिले, पण ऐच्छिक म्हणून. विद्यापीठाने पाया घालण्याची जबाबदारी बोर्डावर सोडली आणि बोर्डाने ती विद्यार्थ्याच्या निवडीवर.

आज जिल्ह्यात काय आहे

कागदावर पाहिले तर बरेच काही आहे. अकरावी-बारावीच्या कला शाखेला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे दोन स्वतंत्र विषय आहेत. बालभारतीने २०१९ आणि २०२० मध्ये दोन्हींची नवी मराठी पुस्तके काढली आणि ती चांगली आहेत. अडचण पुस्तकात नाही. महाविद्यालयाने विषय सुरू ठेवायचा तर पुरेशी पटसंख्या लागते, पटसंख्येवर वर्कलोड ठरतो, वर्कलोडवर पद. एखादे वर्ष मुले कमी आली की विषय बंद होतो, आणि बंद झालेला विषय पुन्हा सुरू करायला मुले आधी कुठून आणायची, हा पेच उभा राहतो. पदवीलाही हेच. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन हे विषय आजूबाजूला सगळीकडे मिळतात. तत्त्वज्ञान मुख्य विषय म्हणून घ्यायचे तर बहुतेकांना जिल्ह्याबाहेर जावे लागते.

विद्यापीठाच्या चौकटीबाहेर मात्र या विषयाचे शिक्षण चालू आहे, आणि आढावा घेताना ते वगळणे चुकीचे होईल. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. ज्ञानेश्वरी, गाथा, गीता आणि वेदान्ताचे ग्रंथ क्रमाने, पाठांतरासह शिकवले जातात. मराठवाड्यातली अनेक मुले तिथे जातात. चार वर्षे ग्रंथ ओळीने लावलेला असा मुलगा अद्वैत म्हणजे काय हे जितक्या सफाईने सांगतो तितके पदवीच्या वर्गात क्वचित ऐकायला मिळते. विरोधी मताची बाजू घेऊन बोल म्हटले की तो अडतो, कारण त्याचा सराव त्याला दिलेला नसतो. पदवीच्या विद्यार्थ्याची गत नेमकी उलटी.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुळजापूर परिसर हा जिल्ह्यातला दुसरा वेगळा धागा. तिथे तत्त्वज्ञान हा मुख्य विषय नाही. पण निरनिराळ्या शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सुरुवातीच्या सत्रात एकत्र बसवून समाज, राज्यसंस्था, विकास यांविषयीचे पायाभूत विषय शिकवण्याची टिसची पद्धत आहे. पायाभूत अभ्यासक्रम म्हणजे काय हे पाहायला धाराशिवच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही, एवढे यावरून दिसते.

तिसरा धागा स्पर्धा परीक्षांचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून मुख्य परीक्षेत २५० गुणांची नीतिशास्त्राची प्रश्नपत्रिका घातली. तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय तर आधीपासून आहे आणि अभ्यासक्रम आटोपशीर असल्यामुळे तो लोकप्रियही आहे. राज्यसेवा परीक्षाही वर्णनात्मक पद्धतीकडे वळली आहे. म्हणून आज या जिल्ह्यात तत्त्वज्ञानाचे पुस्तक कुणाच्या हातात दिसले तर तो बहुधा अभ्यासिकेत बसलेला पदवीधर असतो, आणि पाया न घालता तो थेट तिसऱ्या मजल्यावर चढलेला असतो.

पायाभूत वर्ष कशाला म्हणायचे

या चर्चेत निम्मा गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिल्यामुळे.

पहिली गोष्ट भरपाईची. शाळेत ज्यांना पुरेसे मिळाले नाही त्यांना पदवीच्या आधी एक जादा वर्ष. इंग्लंडमध्ये फाउंडेशन इयर म्हणतात ते हेच. केंब्रिज विद्यापीठाने २०२२ मध्ये कला, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांसाठी असे वर्ष सुरू केले. ज्यांच्या शिक्षणात परिस्थितीने खंड पडला अशा सुमारे पन्नास विद्यार्थ्यांसाठी, आणि विनाशुल्क. इतर विद्यापीठे या वर्षाचे शुल्क घेतात, त्यावर तिथे वाद झाला आणि २०२५-२६ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांसाठी शुल्काची कमाल मर्यादा ९,२५० पौंडांवरून ५,७६० पौंडांवर आणली गेली. आपल्याकडे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम चालवला, तो याच जातीचा. शेतात राबणाऱ्या, संसारात अडकलेल्या कितीतरी बायकांना पदवीचे दार त्याने उघडून दिले.

दुसरी गोष्ट सामायिकतेची. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी असो, काही विषय सगळ्यांनी शिकावेत. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणली तेव्हा सर्वांसाठी अकरा पायाभूत अभ्यासक्रम ठेवले होते. ते फार प्राथमिक आहेत, मुलांना पुन्हा शाळेत बसवल्यासारखे वाटते, अशी टीका झाली आणि २०१४ च्या जूनमध्ये सगळी योजनाच मागे घेतली गेली. आज महाराष्ट्रात २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या आराखड्यातले मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, खुले ऐच्छिक विषय हे याच विचाराचे नवे रूप आहे. फ्रान्समध्ये व्यावसायिक शाखा सोडल्या तर शाळेच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान शिकावेच लागते आणि चार तास निबंध लिहून परीक्षा द्यावी लागते. सामायिकतेच्या बाजूने बोलणारे नेहमी त्याचा दाखला देतात.

तिसरी गोष्ट प्रवेशाची. ज्याला पुढे तत्त्वज्ञानच करायचे आहे त्याला त्या विषयाची हत्यारे आधी हातात द्यायची. आपल्या पाठशाळांमध्ये ही व्यवस्था फार जुनी आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा मुद्दाम नवशिक्यांसाठी लिहिलेला छोटा ग्रंथ. तो झाल्यावाचून न्यायाचे मोठे ग्रंथ हाती येत नसत, आणि वेदान्त किंवा मीमांसा शिकणाऱ्यालाही तो करावा लागे. कॅथलिक धर्मगुरूंच्या शिक्षणातही धर्मशास्त्राच्या आधी तत्त्वज्ञान येते. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात हाच क्रम आहे.

या तिन्हींचे विद्यार्थी वेगळे, उद्दिष्ट वेगळे आणि यश मोजण्याची फूटपट्टीही वेगळी. नव्या आराखड्यात तिन्ही एकाच वर्षात कोंबण्याचा प्रयत्न दिसतो.

पहिल्या वर्षी काय शिकवावे

इथे मुख्य मते चार आहेत.

पहिले मत तर्कशास्त्राचे. आधी युक्तिवाद ओळखायला आणि तपासायला शिकवा, मग काय वाचायचे ते वाचा. या मताची ताकद वर्गातच कळते. एक युक्तिवाद घेऊ. पाऊस चांगला झाला तर सोयाबीनला उतारा चांगला येतो. यंदा उतारा चांगला आला. म्हणून पाऊस चांगला झाला. वर्गातली बहुतेक मुले याला मान डोलावतात. मग एखादी मुलगी म्हणते की आमच्याकडे पाऊस नव्हता, बोअरवर तुषार लावले आणि माल चांगला झाला. बस्स. दोन्ही विधाने खरी राहून निष्कर्ष खोटा ठरण्याची एक शक्यता तिने दाखवली आणि युक्तिवाद कोसळला. सत्य आणि वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या क्षणी मुलांना कळते. पाऊस, भाव, कर्ज यांविषयी रोज शेकडो युक्तिवाद ऐकणाऱ्या जिल्ह्यात हे कळणे फार मोलाचे आहे. या मतावरचा आक्षेप असा, की परीक्षेच्या रेट्यात तर्कशास्त्राची सत्यताकोष्टके होतात, मुले ती गणितासारखी सोडवतात, गुणही मिळवतात, आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख तपासताना त्यांतले काही वापरत नाहीत.

दुसरे मत परंपरेचे. भारतीय ज्ञान प्रणाली हा विषय आल्यापासून त्याला नवे बळ मिळाले आहे. आपल्या मुलांनी प्लेटो-देकार्तपासून सुरुवात का करावी, न्याय, बौद्ध, जैन, मीमांसा, वेदान्त हे आपले आहेत, त्यांत प्रमाणविचार आहे, वाद घालण्याची नियमबद्ध पद्धत आहे, असे हे मत सांगते. त्यात तथ्य आहे. वरचा सोयाबीनचाच युक्तिवाद बघा. 'तर्कसंग्रहा'त त्याचे भावंड सापडते. धुरावरून आगीचे अनुमान होते; आगीवरून धुराचे होत नाही, कारण धूर निघायला ओल्या सरपणाची अट लागते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. त्या दडलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात जो दोष आकाराच्या अंगाने दाखवतात तो इथे व्याप्तीच्या अंगाने दाखवला आहे. दोन्ही एकाच तासात शिकवता येतात, आणि दोन परंपरांमधला फरक काय यावर तिथेच चर्चाही रंगते. आक्षेप घेणारे मात्र विचारतात की दोन श्रेयांकांच्या, म्हणजे साधारण तीस तासांच्या विषयात हे होते का, की आर्यभटापासून आयुर्वेदापर्यंतची अभिमानास्पद यादी पाठ करून तास संपतो? भारतीय म्हणताना चार्वाक, महानुभाव, संत, सूफी यांचे स्थान काय, हाही त्यांचा प्रश्न आहे.

तिसरे मत फुले-आंबेडकरी विचाराचे, आणि मराठवाड्यात ते सर्वांत जोमदार आहे. तत्त्वज्ञानाची सुरुवात जगण्यातल्या अन्यायापासून व्हावी. जात, स्त्री-पुरुष विषमता, शेतीचे अरिष्ट हेच पहिले प्रश्न असावेत. जोतीराव फुल्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' आणि बाबासाहेबांचा १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'द बुद्ध अँड हिज धम्म' हे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ म्हणून वाचावेत, समाजसुधारणेच्या इतिहासाचे परिशिष्ट म्हणून नव्हे. कोलंबिया विद्यापीठात आंबेडकर जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते, या दुव्यावर अलीकडे पुष्कळ अभ्यास झाला आहे. प्रदीप गोखले यांनी लोकायत परंपरेवर आणि आ. ह. साळुंखे यांनी चार्वाकावर केलेले लेखन याच वर्गात उपयोगी पडते. या मताविषयीची शंका अशी आहे की विद्यार्थी निष्कर्ष आधीच मान्य करून बसतो आणि आंबेडकरांची चिकित्सा शिकण्याऐवजी त्यांचे म्हणणे फक्त उद्धृत करतो. या मताचे चांगले शिक्षक ही शंका स्वतःच बोलून दाखवतात.

चौथे मत कमी ऐकू येते, पण मला ते लक्ष देण्यासारखे वाटते : मुलाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा. तेर या जिल्ह्यातलेच. गोरोबा काकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले, ही कथा इथल्या मुलांना लहानपणापासून माहीत असते. पुढची कथा औंढा नागनाथची. शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले विसोबा खेचर रागावलेल्या नामदेवांना सांगतात, जिथे देव नाही तिथे माझे पाय नेऊन ठेव. वर्गात ही कथा युक्तिवाद म्हणून मांडता येते. देव सर्वत्र आहे हे तू मानतोस. मग पाय ठेवायला देवरहित जागा नाही. मग माझे इथे पाय ठेवणे अधिक दोषाचे कसे? प्रतिपक्षाचीच मान्यता घेऊन त्याला अडचणीत आणण्याची ही रीत जगभरच्या तत्त्वज्ञानात आढळते. त्यावर एखादा विद्यार्थी उलट विचारतो : सगळीकडे देव असेल तर मग पंढरपूरला तरी का जायचे? इथून खरी चर्चा सुरू होते, आणि ती सुरू करायला एकही पारिभाषिक शब्द लागत नाही. धोका एवढाच की श्रद्धेचा विषय म्हणून काही घरांतून विरोध होऊ शकतो, आणि प्रश्न विचारणे म्हणजे अनादर नव्हे हे शिक्षकाला आधी कृतीतून दाखवावे लागते.

भाषेचा प्रश्न

मराठीतून शिकवावे की इंग्रजीतून, यावर मतभेद तीव्र आहेत, पण ते थोडक्यात सांगता येतात. मराठीच्या बाजूने सर्वांत खोल विचार अमळनेरशी संबंध आलेल्या कृष्णचंद्र भट्टाचार्यांनीच मांडला होता. परक्या भाषेतून आलेल्या कल्पना आपण आपल्या भाषेत आणून तपासत नाही, तोवर विचारांचे स्वराज्य येत नाही, असा त्यांच्या 'स्वराज इन आयडियाज' या व्याख्यानाचा रोख आहे. रेग्यांनी याच दिशेने एक मोठा प्रयोग घडवला. १९८३ मध्ये पुण्यात पारंपरिक शास्त्री आणि पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसले आणि बर्ट्रंड रसेल यांच्या विधानविषयक सिद्धान्तावर संस्कृतातून चर्चा झाली. काही नैयायिकांनी रसेलच्या मांडणीवर असे आक्षेप घेतले की प्राध्यापकांनाही नव्याने विचार करावा लागला. आपल्या भाषेत आणल्यावर कल्पनेचे काय होते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा मिळणे अवघड आहे.

इंग्रजीची बाजू व्यवहाराची आहे आणि तीही प्रामाणिक आहे. पदव्युत्तर पातळीवरचे बहुतेक वाचन इंग्रजीत आहे. प्राध्यापकपदासाठीच्या नेट परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. तीन वर्षे मराठीतून शिकलेली मुलगी एम.ए.ला पुण्याला गेली की पहिले सत्र शब्दकोशातच जाते. मधला मार्ग बरेच शिक्षक सुचवतात : पहिले वर्ष संपूर्ण मराठीतून, पण आठवड्याला इंग्रजीतला एखादा छोटा मूळ उतारा मराठीतून चर्चा करत वाचायचा. महाकोश आणि परिभाषा कोश हाताशी आहेतच. हा मार्ग पटण्यासारखा आहे. फक्त त्यासाठी दोन्ही भाषांत सहज वावरणारा शिक्षक लागतो.

जे अजून सुटलेले नाही

आणि शिक्षकापाशीच येऊन बहुतेक योजना थांबतात. भरती रखडली की विषय तासिका तत्त्वावर चालतो. त्या तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक दोन-तीन महाविद्यालयांत धावत असेल तर त्याच्याकडून वर्गात संवाद घडवण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. तत्त्वज्ञान हा विषय व्याख्यानाने शिकवता येत नाही असे नाही, पण पहिले वर्ष तरी व्याख्यानाने होत नाही. भारतीय ज्ञान प्रणालीचे तास तर अनेकदा ज्याचा वर्कलोड कमी पडतो त्याच्याकडे जातात, त्याचा मूळ विषय कोणताही असो.

दुसरा अनिर्णित प्रश्न वर्षाचा. भरपाईचे वर्ष जादा असेल तर त्याचा भार कोण उचलणार? ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलाला एक वर्ष म्हणजे एक हंगाम. मुलीच्या बाबतीत तर एक जादा वर्ष म्हणजे लग्नाच्या बोलणीचे एक जादा वर्ष. घरचे शिक्षण थांबवतात ते बहुधा अशाच वळणावर. नव्या आराखड्यात एका वर्षानंतर ४० ते ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची आणि नंतर परत येण्याची सोय आहे. समर्थकांना ती गरिबांसाठी आधार वाटते, टीकाकारांना शिक्षण सोडण्याला दिलेली अधिकृत परवानगी. दोन्ही बाजूंकडे अजून अनुभव थोडा आहे, आणि पहिल्या तुकड्या बाहेर पडून काही वर्षे गेल्याशिवाय यावर खात्रीने बोलता येणार नाही.

तिसरा प्रश्न परीक्षेचा. संवादातून शिकवलेले तत्त्वज्ञान अडीच-तीन तासांच्या लेखी परीक्षेत कसे तपासायचे? फ्रान्सने निबंध हे उत्तर दिले, पाठशाळेने तोंडी शास्त्रार्थ हे. आपल्याकडे अंतर्गत गुणांची सोय आहे. ती प्रकल्पाच्या फायलींवर खर्च होते. ते गुण तोंडी वादासाठी वापरायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

सर्व बाजू पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्यात पदवीआधी जादा वर्ष घालण्याची गरज नाही आणि ते परवडणारेही नाही. पायाभूत वर्षासाठी जागा आधीच आहे : अकरावी-बारावीतले तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान, आणि पदवीच्या पहिल्या वर्षातला खुला ऐच्छिक विषय. या जागा भरल्या तर निम्मे काम होते. आशयाच्या वादात कोणत्याही एका मताला संपूर्ण वर्ष देऊ नये; तर्क आधी यावा, आणि तो शेतीतल्या, कथेतल्या, फुले-आंबेडकरांच्या आणि न्यायाच्या उदाहरणांतून यावा. मराठीतून यावा.

यात वाचकाच्या हाती एक गोष्ट आहे. येत्या जूनमध्ये आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी कला शाखेचा अर्ज भरेल तेव्हा महाविद्यालयाच्या विषययादीत तर्कशास्त्र किंवा तत्त्वज्ञान आहे का ते पाहा, आणि नसेल तर प्राचार्यांकडे लेखी मागणी करा. विषय सुरू ठेवायचा की नाही हे पटावर ठरते, आणि पट मागणीवर.